घर दुरुस्तीला काढताय? आधी भिंत बघा, मग गवंड्याशी बोला



भाताची मळणी आटोपली, दिवाळी सरली की अंबरनाथ, बदलापूर, वांगणी भागातल्या गावांत घराची कामे निघतात. कुणाला पडवी बंद करून खोली काढायची असते, कुणाला कौले उतरवून स्लॅब टाकायचा असतो, तर कुणाला मुलाच्या लग्नाआधी मागच्या अंगाला दोन खोल्या वाढवायच्या असतात. वडोदरा–मुंबई द्रुतगती मार्गात ज्यांच्या जमिनी गेल्या आणि हाती मोबदला आला, त्यांचेही पहिले लक्ष घराकडेच जाते. यात गैर काहीच नाही. पण जमीन एकदाच विकली जाते आणि तिचा पैसाही एकदाच येतो. तो चुकीच्या भिंतीवर आणि तोंडी व्यवहारात गेला तर परत मिळत नाही.

शेतीखात्याचा माणूस घराविषयी कशाला सांगतो, असे तुम्हाला वाटेल. त्याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे पीक पाहायला बांधावर गेले की पाच मिनिटांत बोलणे घरावर येते. "साहेब, गवंडी अर्धे काम टाकून गेला", "सेंट्रिंगवाला जादा पैसे मागतो", "नवीन खोलीला भेग पडली, आता कुणाला धरू?" हे आता करपा आणि खोडकिडीइतकेच नेहमीचे झाले आहे. दुसरे कारण म्हणजे घर ज्या मातीवर उभे असते ती माती शेतातलीच असते, आणि तिचे गुण तुम्हाला गवंड्यापेक्षा जास्त ठाऊक असतात. फक्त घराच्या वेळी आपण ते विसरतो.

या लेखात सांगायचे ते एकच. घरकामातले बहुतेक तंटे झाकलेल्या गोष्टींवरून होतात. पाया मातीत झाकला जातो, सळई काँक्रीटमध्ये झाकली जाते, भिंत गिलाव्याखाली जाते आणि बोलणे हवेत जाते. म्हणून जे झाकले जाणार आहे ते झाकण्याआधी बघा, मोजा आणि कागदावर लिहा. मगच पैसे द्या.

हा नुसता पैशाचा प्रश्न नाही

उल्हासनगरात मे २०२१ मध्ये पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. १५ मे रोजी मोहिनी पॅलेस आणि २८ मे रोजी कॅम्प २ मधील साई सिद्धी. साई सिद्धीत वरचा स्लॅब खालचे मजले घेत खाली आला आणि सात जणांचा जीव गेला. त्यानंतर शहरातल्या नव्वदच्या दशकातल्या इमारती, त्या काळी वापरलेली निकृष्ट रेती आणि गंजलेली सळई यांची मोठी चर्चा झाली. पुढे २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेला चिकणीपाड्यातील सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर लादीचे काम चालू असताना स्लॅब कोसळला आणि सहा माणसे दगावली.

ही शहरातली गोष्ट आहे असे समजून पान उलटू नका. लादी बदलणे हे काम दिसायला किरकोळ. पण जुनी लादी उखडताना हातोड्याचे घाव बसतात, फोडलेला माल एका कोपऱ्यात रचला जातो, त्यावर नव्या लादीचा आणि मालाचा बोजा येतो. मूळ स्लॅब आतून पोखरलेला असेल तर तेवढेही निमित्त पुरते. म्हणजे धोका नव्या बांधकामात असतो त्याहून जास्त जुन्याला हात लावण्यात असतो. महापालिका आणि नगरपालिका हद्दीत तीस वर्षांवरील इमारतीची रचना तपासून घेणे कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. गावात अशी सक्ती डोक्यावर नसते, म्हणून आपली आपणच काळजी घ्यायची.

घराचे दुखणे आधी ओळखा

पिकावर औषध मारण्याआधी आपण रोग ओळखतो. घराचेही तसेच आहे. गवंड्याला दर विचारण्याआधी एक दिवस घराभोवती आणि घरात फिरा. सोबत खडू, टॉर्च आणि लहान हातोडी घ्या.

पहिले भेगा बघा. गिलाव्यावरची केसासारखी जाळी म्हणजे वरवरचे दुखणे. दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली आणि एका टोकाला रुंद होत गेलेली भेग म्हणजे बहुधा पाया एका बाजूला खचतो आहे. भेग जिवंत आहे की थांबलेली, हे ओळखायची जुनी युक्ती आहे. भेगेवर आडवी अशी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवा आणि बाजूला तारीख लिहा. एक पावसाळा जाऊ द्या. पट्टी तडकली तर भेग अजून चालते आहे. अशा भेगेवर नुसता गिलावा मारणे म्हणजे पानावरचा डाग पुसून रोग गेला म्हणणे.

दुसरे, भिंतीचे पोट बघा. आपली जुनी घरे दगड-मातीची. दगड वाईट नाही. अंबरनाथचे शिवमंदिर याच भागातल्या काळ्या दगडाचे, शिलालेखाप्रमाणे शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चे, आणि अजून उभे आहे. पण आपल्या भिंतीत बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मध्ये माती-चिपा असतात. दोन्ही थरांना बांधणारे आरपार लांब दगड नसले तर पाणी शिरून थर सुटतात आणि भिंत पोट काढते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच जाड दगड-मातीच्या भिंती माणसांच्या अंगावर आल्या. ओळंबा सोडून बघा. भिंत ओळंब्यातून स्पष्ट बाहेर गेली असेल तर तिच्यावर एक वीटही वाढवू नका.

तिसरे, जुना स्लॅब असेल तर खालून हातोडीने हलके ठोका. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ, खोक्यासारखा आवाज आला, पोपडे पडत असले किंवा सळईच्या रेषेत तांबूस डाग दिसले तर आत गंज आहे. गंज चढला की सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. त्यावर रंग मारून उपयोग नाही. सैल काँक्रीट काढून, सळई साफ करून, गरज असेल तिथे नवी जोडून नीट दुरुस्ती करावी लागते. ती किती करायची हे परवानाधारक स्थापत्य अभियंत्यानेच ठरवावे. त्याची फी जास्त वाटते. पण पूर्ण कामाच्या खर्चापुढे ती बियाण्यावरच्या बीजप्रक्रियेइतकी असते.

कौलाच्या जागी स्लॅब: वजनाचा हिशेब करा

सगळ्यात जास्त चूक इथे होते. कौलाच्या छपराचे वजन, रिपांसकट, चौरस फुटाला साधारण सहा-सात किलो. पाच इंची स्लॅबचे वजन चौरस फुटाला सुमारे एकोणतीस किलो. वीस बाय पंचवीसचे घर म्हणजे ५०० चौरस फूट. कौलांचे वजन सव्वातीन टन, तर स्लॅबचे साडेचौदा टन. म्हणजे साठ किलोच्या अडीचशेच्या आसपास भाताच्या गोण्या कायमच्या भिंतीवर ठेवल्या असे समजा. वर कोबा आणि पाण्याची टाकी आली की ओझे आणखी वाढते.

जुनी दगड-मातीची भिंत हे ओझे घेण्यासाठी बांधलेली नसते. "वीस वर्षांत काही झाले नाही, आताही होणार नाही" असे गवंडी म्हणेल, पण त्या वीस वर्षांत तिच्यावर कौले होती. स्लॅब हवाच असेल तर अभियंत्याकडून नवे कॉलम आणि त्यांचे स्वतंत्र पाये आखून घ्या. स्लॅबचा भार कॉलमवर जाऊ द्या आणि जुनी भिंत फक्त आडोसा म्हणून राहू द्या. ते परवडत नसेल तर कौलेच नीट शाकारा, किडलेले वासे बदला, किंवा हलके पत्र्याचे छप्पर घाला. त्यात कमीपणा काही नाही.

भिंत पाडून दोन खोल्यांची एक करायची असेल तर आधी त्या भिंतीवर काय टेकले आहे ते बघा. वर तुळई, वासे किंवा स्लॅब टेकला असेल तर ती भार पेलणारी भिंत. टेकू दिल्याशिवाय आणि वर तुळईची सोय केल्याशिवाय तिला हात लावू देऊ नका. नळाचा पाइप नेण्यासाठी बीम किंवा कॉलम फोडायला प्लंबर निघाला तर त्याला तिथेच थांबवा.

खाचरात वाढवलेली खोली

मागच्या अंगाला खोली वाढवायची म्हणजे बहुतेक वेळा खाचराचा तुकडा भरून घ्यायचा. आता तुमचीच माहिती आठवा. खाचराची चिकण, काळी माती पावसात फुगते आणि मार्च-एप्रिलमध्ये तिला हात जाईल अशा भेगा पडतात. जी माती दर वर्षी वर-खाली होते तिच्यावर पाया ठेवला तर खोलीही वर-खाली होणार. जुने घर मात्र वर्षानुवर्षे दबून स्थिर झालेले. मग दोघांच्या जोडावर भेग पडते. मालक म्हणतो गवंड्याने माल कमी वापरला, गवंडी म्हणतो जमीनच वाईट. दोघे भांडत बसतात आणि पाया दोघांचेही ऐकत नाही.

यावर उपाय चार. पाया किती फूट खोल, असा सवाल न करता कशावर टेकला, असा करा. कठीण मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खड्डा न्या आणि तो बुजण्याआधी स्वतः उतरून बघा. पहारीने टोचा, पहार सहज घुसली तर आणखी खोल जा. दुसरे, खणलेली काळी माती जोत्यात परत भरू नका. मुरूम आणून सहा ते नऊ इंचांचे थर द्या, प्रत्येक थराला पाणी मारून धुम्मस करा. तिसरे, नवी आणि जुनी भिंत एकमेकींत दात घालून बांधू नका. मध्ये इंचभर सांधा सोडून तो वरून पट्टीने झाका, म्हणजे दोन्ही भिंती आपापल्या परीने हलू शकतील. चौथे, छपराचे पाणी पायाजवळ पडू देऊ नका. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. घराभोवती उताराची पायवाट आणि गटार नसले तर चांगला पायाही भिजून मऊ होतो.

उल्हास आणि बारवीच्या काठच्या गावांनी आणखी एक पाहावे. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ च्या पुराच्या खुणा अजून लोकांच्या लक्षात आहेत. दुसऱ्या पुरात बदलापूर–वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती. तुमच्या आळीत तेव्हा पाणी कुठवर आले होते ते जुन्या माणसांना विचारा आणि नव्या खोलीचे जोते त्या खुणेच्या वर ठेवा. पुरात भिजलेल्या मातीच्या भिंतीवर पूर्ण वाळल्याशिवाय आणि तपासल्याशिवाय नवे काम घेऊ नका.

स्लॅबचे गणित मालकाला यायला हवे

गणित आले की निम्मे वाद मिटतात. ५०० चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे २०८ घनफूट, दोन ब्रासला थोडा वर. एक भाग सिमेंट, दीड भाग रेती, तीन भाग खडी या मापाने त्याला सिमेंटच्या ४७–४८ गोण्या, एक ब्रासच्या आसपास रेती आणि पावणेदोन ब्रास खडी लागते. बीम-कॉलमचा हिशेब वेगळा. आता कुणी पस्तीस गोण्यांत भागवतो म्हणाला तर खूश होऊ नका, आणि सत्तर मागितल्या तर कुठे जाणार ते विचारा.

सळईचेही तसेच. १२ मीटर लांबीची ८ मिलिमीटरची सळई पावणेपाच किलोच्या जवळ, १० मिलिमीटरची साडेसात किलोला थोडी कमी, १२ मिलिमीटरची साधारण १०.७ किलो भरते. गाडी उतरताना नग मोजा आणि वजनाशी ताळा करा. फरक मोठा निघाला तर तिथेच दुकानदाराला सांगा. आठ दिवसांनी सांगितलेले कुणी ऐकत नाही.

माल घमेल्याने टाकू देऊ नका. एक गोणी सिमेंट म्हणजे सव्वा घनफूट, त्या मापाची लाकडी पेटी करून घ्या. ओली रेती फुगलेली असते हेही लक्षात ठेवा. पाणी एका गोणीला २५ ते २७ लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या पावणेदोन बादल्या, रेती ओली असेल तर त्याहून कमी. माल पातळ केला की कामगाराला ओढायला सोपा जातो, पण स्लॅब कमजोर होतो आणि पुढे गळतो.

स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी मालकाने वर चढून तीन गोष्टी बघाव्यात. सळईखाली कव्हराचे ठोकळे आहेत का. स्लॅबला किमान २० आणि कॉलमला ४० मिलिमीटर कव्हर हवे, नाहीतर गंज लवकर धरतो. टेकू सरळ आणि टणक जमिनीवर आहेत का, ओल्या मातीत रोवलेले नाहीत ना. आणि छज्जाची मुख्य सळई वरच्या अंगाला आहे का. छज्जा एका बाजूने लोंबतो, म्हणून त्याचा ताण वर असतो. काँक्रीट टाकताना माणसे त्या सळईवरून चालतात, ती दबून खाली जाते आणि टेकू काढताच छज्जा खाली येतो. असे अपघात वरचेवर होतात आणि टाळायला फक्त लक्ष लागते. या तिन्ही गोष्टींचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. उद्या ते झाकले जाणार आहे.

भरल्यावर पाणी. स्लॅबवर भाताच्या खाचरासारखे छोटे बांध घालून पाणी साठवा. हल्ली बहुतेक गोण्या मिश्र सिमेंटच्या येतात, त्यांना किमान १० दिवस पाणी हवे, १४ दिवस दिले तर उत्तम. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांच्या आत आणि त्याहून मोठ्याचे चौदा दिवसांच्या आत काढू नयेत. बीमखालचे टेकू किमान चौदा दिवस. सेंट्रिंगवाल्याला त्याच्या फळ्या दुसरीकडे न्यायची घाई असते. म्हणून किती दिवसांनी खोलायचे हे ठेक्यातच लिहावे. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात, तेव्हा मोठा स्लॅब फेब्रुवारी-मार्चच्या आत भरून घ्या. मिरगाच्या तोंडावर घाईत भरलेला स्लॅब म्हणजे उशिरा केलेली लावणी.

ठेका कसा दिला, हे आधी ठरवा

ठेक्याचे तीन प्रकार चालतात. रोजंदारीवर गवंडी आणि बिगारी लावायचे, माल आपला. दुसरा, मजुरीचा ठेका चौरस फुटावर, माल आपला. तिसरा, मालासकट सगळे ठेकेदाराकडे. रोजंदारीत काम रेंगाळते, मजुरीच्या ठेक्यात घाई होते, मालासकट दिले तर मालात काटकसर होते. कोणताही प्रकार वाईट नाही, पण नजर कुठे ठेवायची ते त्यावर ठरते.

मग करारचिठ्ठी. "गावातलाच माणूस, त्याच्याकडून काय लिहून घ्यायचे?" ही भीड बाजूला ठेवा. चिठ्ठी अविश्वासासाठी नसते, आठवणीसाठी असते. मुद्रांकावर केली तर उत्तमच. पण साध्या कागदावर दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या तरी काहीच नसण्यापेक्षा शतपटीने बरे. तिच्यात एवढे असावे:

१. कामाची यादी खोलीवार, आणि सोबत हाताने काढलेला का होईना, मापांचा नकाशा.
२. दर कशावर आणि मोजणी कशी. छज्जा, जिना, जोते मोजणीत धरायचे का. गिलाव्यात दारे-खिडक्या वजा करायच्या का. सर्वांत जास्त भांडणे याच एका ओळीवरून होतात.
३. माल कोण आणणार, कोणता, आणि उरलेला कुणाचा.
४. सेंट्रिंग, पाणी, वीज, पाडलेल्या मालाची वाहतूक कुणाकडे.
५. काम सुरू कधी, संपणार कधी, आणि सुट्टीवर गेला तर बदली माणूस कोण.
६. वाढीव काम निघाले तर त्याचा दर आधी लिहूनच काम सुरू करायचे.
७. कामावर माणूस जखमी झाला तर जबाबदारी कुणाची.
८. पैशांचे टप्पे.

पैसे टप्प्याने द्या

प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाचे हप्ते कसे येतात ते ग्रामपंचायतीतल्या मंडळींना माहीत आहे. जोते झाले, फोटो निघाला, मग पुढचा हप्ता. सरकार स्वतःच्या पैशाला एवढे जपते, तर आपण घामाच्या पैशाला का जपू नये?

मजुरीचा ठेका दोन लाखांचा आहे असे धरू. उचल २० हजार. पाया आणि जोते झाल्यावर ४० हजार. भिंती लिंटलपर्यंत आल्यावर ४० हजार. स्लॅब भरून पाणी सुरू झाल्यावर ५० हजार. गिलावा आणि लादी झाल्यावर ३० हजार. उरलेले २० हजार पहिला पावसाळा जाईपर्यंत राखीव. गळती, भेग, लादीचा पोकळ आवाज हे सगळे पहिल्या पावसातच कळते. प्रत्येक वेळी पैसे देताना वहीत तारीख, रक्कम, कोणत्या टप्प्याचे, आणि घेणाऱ्याची सही. शक्यतो बँकेतून द्या. "सणाला थोडे द्या, हिशेबात धरू" असे म्हणून दिलेले पैसे कुणाच्याच हिशेबात राहत नाहीत.

गवंड्याचीही बाजू असते

हे लिहिले नाही तर लेख एकांगी होईल. रेतीची गाडी चार दिवस आली नाही, गवंडी आणि पाच बिगारी बसून राहिले, त्यांचा रोज कोण देणार? भिंत छातीपर्यंत आली आणि घरातल्या मंडळींनी खिडकी दुसऱ्या बाजूला सांगितली, तर तोडफोडीचे पैसे त्याने मागणे रास्तच आहे. गवंडी दोन ठिकाणी काम धरतो, कारण एका मालकाने पैसे थकवले की दुसऱ्याकडून चूल पेटवावी लागते. टप्पा पूर्ण झाला की त्याच दिवशी पैसे द्या. वेळेवर पैसे देणाऱ्या मालकाचे काम टाकून गवंडी सहसा जात नाही.

वाद झालाच तर

रागाच्या भरात शिवीगाळ, हत्यारे अडवून ठेवणे किंवा मारहाण करू नका. बाजू खरी असूनही तुम्हीच गुन्ह्यात सापडाल. या पायऱ्यांनी जा.

पहिली, काम आहे त्या स्थितीत थांबवा. फोटो काढा. दोघांसमोर तिसऱ्या जाणत्या माणसाकडून मोजमाप करून घ्या. शक्य असेल तर अभियंत्याचा लेखी अभिप्राय घ्या. दुसऱ्या गवंड्याला लावण्याआधी हे झालेच पाहिजे, नाहीतर पहिल्याची चूक कोणती आणि दुसऱ्याची कोणती हे सांगता येत नाही. मात्र पडण्याच्या बेतात असलेल्या भागाला टेकू देणे लांबवू नका. आधी जीव, मग पुरावा.

दुसरी, लेखी कळवा. काय राहिले, काय चुकले, किती दिवसांत करून हवे, हे लिहून पोच असलेल्या टपालाने पाठवा.

तिसरी, गावात बसवा. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झाली. जिथे तंटामुक्ती समिती जिवंत आहे तिथे असा दिवाणी वाद समजुतीने मिटू शकतो. ठरले ते लिहून दोघांच्या सह्या घ्या.

चौथी, ग्राहक आयोग. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये लखनऊ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात घरबांधणी ही 'सेवा' असल्याचे स्पष्ट केले. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला, त्यातही घरबांधणी आहे. ठेका देऊन राहण्यासाठी घर बांधून घेणारा तुम्ही ग्राहक आहात. तक्रार ठाणे जिल्हा आयोगाकडे, वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. माहितीसाठी १९१५ हा ग्राहक मदत क्रमांक आहे. एक गोष्ट ध्यानात ठेवा. तुमच्या सांगण्याप्रमाणे रोजावर काम करणारा मजूर या कायद्यात बसत नाही, ठेका घेणारा बसतो. म्हणून चिठ्ठीवर 'ठेका' हा शब्द आणि रक्कम स्पष्ट असावी.

पाचवी, तालुका विधी सेवा समिती. महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या बांधवांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला न्यायालयाच्या हुकुमाचे बळ असते. गवंडी आणि मजुरालाही हा दरवाजा उघडा आहे.

ग्रामपंचायतीने एवढे करावे

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना विनंती. करारचिठ्ठीचा एक साधा नमुना कार्यालयात ठेवा आणि बांधकामाची परवानगी मागायला येणाऱ्याच्या हातात द्या. कौलाच्या जागी स्लॅब किंवा वर मजला असा अर्ज आला की अभियंत्याचा कागद मागा. गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले यांनी ९० दिवस काम केले असेल तर त्याचा दाखला देऊन बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्यांची नोंदणी करायला मदत करा. नोंदणी असलेल्या कामगारावर आपत्ती आली तर त्याच्या घरच्यांना आधार मिळतो, आणि घरमालकाशी होणारे तेढीचे प्रसंगही कमी होतात.

बांधवांनो, येत्या हंगामात घराला हात लावणार असाल तर आजच एक वही घाला. पहिल्या पानावर घराच्या भेगांची यादी, दुसऱ्यावर मापे, तिसऱ्यावर चिठ्ठीचा मसुदा. भिंतीवर काचेची पट्टी लावून तारीख टाका. गवंडी दाराशी आला की आधी त्याला ती भिंत दाखवा आणि त्याचे म्हणणे ऐका. दराचे बोलणे त्यानंतर.